स्वाहिलीत लोक काय शोधतात आणि कसं : शोधशब्द पकडण्याची पायरीवार पद्धत

दार एस सलाममध्ये तीनचाकी रिक्षाला 'बाजाजी' म्हणतात. रिक्षा टीव्हीएसची असली तरी बाजाजीच, जसं आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे. आकुर्डीच्या कंपनीचं नाव तिथे सामान्यनाम होऊन बसलंय. आता समजा, भोसरीतला एक कारखानदार या रिक्षांच्या केबल, आरसे, क्लचप्लेट बनवतो आणि टांझानियातल्या गिऱ्हाइकाने आपल्याला इंटरनेटवर शोधून काढावं अशी त्याची इच्छा आहे. तो भाषांतरयंत्रात 'ऑटोरिक्षाचे सुटे भाग' घालतो, जे येईल ते वेबपानावर चिकटवतो आणि वाट बघत बसतो. पानात व्याकरणाची चूक नसते. फक्त ते शब्द कुणी टाइप करत नाही.

हा लेख अशा माणसासाठी आहे. पूर्व आफ्रिकेतल्या रुग्णांशी व्यवहार करणारी रुग्णालयं, तिथल्या बातम्या धुंडाळणारे पत्रकार आणि भाषातंत्रज्ञानात काम करणारे यांनाही तो उपयोगी पडेल. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मराठी शब्द शेपटीकडून बदलतो, स्वाहिली शब्द डोक्याकडून. 'घर'चं घरात, घराला, घरातून होतं, पण 'घर' जागेवर असतं. स्वाहिलीत पहिलं अक्षरच बदलतं. त्यामुळे शब्दाची सुरुवात टाइप करून बाकीचं यंत्रावर सोपवायची आपली सवय तिथे दगा देते.

आधी लिपी

स्वाहिली आज रोमन लिपीत लिहितात. या लेखात शब्द देवनागरीत दिलेत, ते टाइप करताना रोमनमध्ये उलटवायचे. 'आ'साठी ए, 'ए'साठी ई, ऱ्हस्व-दीर्घ 'इ'साठी आय, 'ओ'साठी ओ, ऱ्हस्व-दीर्घ 'उ'साठी यू. 'क' म्हणजे कायम के, 'झ' म्हणजे झेड, 'य' म्हणजे वाय, 'च' म्हणजे सी-एच. मराठी माणसाची ठेच लागते ती 'व'ला. इथे 'व' म्हणजे डब्ल्यू आणि 'व्ह' म्हणजे व्ही, आणि ही अदलाबदल झाली तर शब्दच बदलतो. क्यू आणि एक्स ही अक्षरं स्वाहिलीत नाहीत, सी एकटं येत नाही. राहिली २४. म्हणजे 'व्हिपुरी' (सुटे भाग) हा शब्द व्ही, आय, पी, यू, आर, आय असा टाइप करायचा. लिपीत चिन्हं-टोपण्या नसल्याने कुठल्याही साध्या फोनवर ही भाषा लिहिता येते. मराठी माणूस कीबोर्ड बदलायचा कंटाळा येऊन शोध इंग्रजीत घेतो, तो अडथळा तिथे नाही.

पायरी १ : देश ठरवा, मगच शब्द

'स्वाहिली भाषक' असं एकच गिऱ्हाईक नसतं. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत चालते. बाजार, सरकारी कार्यालयाची खिडकी, दवाखाना सगळीकडे स्वाहिली. त्यामुळे नोकरी, शेती, आजार, दर, निकाल हे सगळं लोक स्वाहिलीत शोधतात. केनियात स्वाहिली बोलायला घरोघरी असली तरी शाळा आणि सरकारी कागद इंग्रजीत, म्हणून कामाचा शोध बहुतेक इंग्रजीतच होतो. स्वाहिली शोध मुख्यतः गाणी, धार्मिक विषय, करमणूक आणि शाळेतला स्वाहिली विषय यांच्याभोवती फिरतो. 'न्गेली', म्हणजे नामांचे वर्ग, हा शब्द शोधणारा बहुधा गृहपाठात अडकलेला केनियन विद्यार्थी असतो. काँगोच्या पूर्व भागातली स्वाहिली फ्रेंचमिश्रित आणि बरीच वेगळी आहे. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत तिला किनारपट्टीच्या स्वाहिलीपेक्षा वेगळा संकेत आहे. तिच्यासाठी हा लेख पुरणार नाही.

शब्दही देशागणिक बदलतात. टांझानियातली बाजाजी केनियात टुकटुक होते. शहरातली छोटी बस दार एस सलाममध्ये 'दालादाला', नैरोबीत 'मातातू'. संगणकाला टांझानियात 'कोम्प्युता', केनियाच्या पाठ्यपुस्तकात 'ताराकिलिशी'. पत्त्यासाठी टांझानियात 'म्कोआ' (प्रांत), 'विलाया' (जिल्हा), 'काता' (प्रभाग) अशी उतरंड, तर केनियात ४७ 'काउन्ती'. मोटरसायकल टॅक्सी मात्र दोन्हीकडे 'बोदाबोदा'. एकाच पानावर दोन्ही देश कोंबू नका, दोन पानं करा. पानाच्या भाषेची खूण देताना एसडब्ल्यू हा भाषासंकेत आणि त्यापुढे देशाचा, टांझानियासाठी टीझेड, केनियासाठी केई.

पायरी २ : पुण्यात बसून दार एस सलामचा निकाल दिसेल असं करा

भारतातून शोध घेतला की गूगल भारताचे निकाल पुढे करतं. खासगी खिडकी उघडा, शोधाच्या सेटिंगमध्ये निकालांचा प्रदेश टांझानिया करा आणि दिसण्याची भाषा किस्वाहिली. एवढ्यानेही टाइप करताना खाली येणाऱ्या सूचना बदलतात, आणि आपल्याला हव्या आहेत त्या सूचनाच.

फोनच्या कीबोर्डमध्ये स्वाहिली भाषा जोडून घ्या, नाहीतर आपोआप-दुरुस्ती तुमचे शब्द इंग्रजी करून टाकते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

छोटे शोध फसतात. 'काका' टाकलंत तर यंत्राला ती कुठली भाषा ते कळायला मार्ग नसतो. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, बहुधा थोरला, आणि 'दादा' म्हणजे बहीण! 'विकी' म्हणजे आठवडा, पण निकालात विकिपीडिया येतो. 'सिम्बा' म्हणजे सिंह, पण टांझानियात पहिल्या पानभर दार एस सलामचा फुटबॉल क्लब असतो. 'हाबारी झा लेओ'चा अर्थ 'आजच्या बातम्या' आणि 'आज कसं काय?' हे अभिवादनही. उपाय साधा आहे: किमान तीन शब्द टाका आणि त्यात 'या', 'झा', 'कुतोका' असा एखादा अस्सल स्वाहिली जोडशब्द येऊ द्या. त्याने भाषा ठरते. यंत्र तरीही शब्द बदलत असेल तर टूल्समधला व्हर्बेटिम पर्याय निवडा, म्हणजे लिहिलं तसंच शोधलं जाईल.

पायरी ३ : साचे गोळा करा

स्वाहिली शोधाला ठरावीक तोंडं असतात. ती पाठ झाली की अर्धं काम झालं.

'बेई या…' म्हणजे '…ची किंमत'. 'जिन्सी या कु…' म्हणजे कसं करायचं. 'कु' हा क्रियापदाचा 'णे' आहे, फक्त पुढे लागणारा. 'दालिली झा…' लक्षणं, 'साबाबू झा…' कारणं, 'माधारा या…' दुष्परिणाम. 'फाइदा झा…' म्हणजे फायदे. अरबीतून आपल्याकडे आला तोच शब्द तिकडेही गेला. 'सिफा झा…' वस्तूची वैशिष्ट्यं, फोन घेणारे हा साचा हमखास वापरतात. 'तोफाउती काती या…' दोन गोष्टींतला फरक. 'नाफासी झा काझी' नोकऱ्या. 'रातिबा या…' वेळापत्रक. 'मातोकेओ या…' निकाल, आणि हा दुहेरी आहे: परीक्षेचा आणि सामन्याचाही. 'मातोकेओ या किदातो चा न्ने' म्हणजे चौथ्या फॉर्मचा, साधारण आपल्या दहावी-अकरावीच्या वयातल्या मुलांच्या परीक्षेचा निकाल. 'मातोकेओ या सिम्बा लेओ' म्हणजे आज सिम्बाचं काय झालं.

प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटाकडे येतात: 'वापी' कुठे, 'न्गापी' किती, 'गानी' कुठला. म्हणून गूगलच्या सूचना बघताना फक्त सुरुवात टाइप करून थांबू नका. 'व्हिपुरी व्ह्या बाजाजी' लिहा, एक जागा सोडा, मग 'वापी'चं डब्ल्यू टाका. प्रत्येक साच्यापुढे २४ अक्षरं एकेक करून टाकायची आणि खाली येणाऱ्या सूचना जशाच्या तशा, स्पेलिंगच्या चुकांसकट, तक्त्यात उतरवायच्या. चुका दुरुस्त करायचा मोह आवरा. त्या चुकाच नंतर कामाला येतात.

इंग्रजी साधनांवर वाढलेल्यांकडून एक साचा हमखास सुटतो: तक्रार. लोक प्रश्न विचारत नाहीत, काय झालंय ते सांगतात. 'निमेसाहाउ पासवर्ड… निफान्येजे', म्हणजे 'पासवर्ड विसरलोय, काय करू'. 'नि' म्हणजे मी, 'मे' म्हणजे झालेलं काम, आणि ही दोन्ही क्रियापदाच्या आधी चिकटतात. यंत्राच्या बाबतीत हेच वाक्य तृतीयपुरुषी होतं. 'बाजाजी हाइवाकी' : रिक्षा सुरू होत नाही. 'इनागोमा कुवाका' : सुरू व्हायला नकार देते, शब्दशः संपावर गेलीय. 'इनातोआ मोशी' : धूर सोडते. 'इनाकुला माफुता' : पेट्रोल खाते, अगदी आपल्यासारखंच. सुट्या भागांचा खरा गिऱ्हाईक भागाचं नाव शोधत नाही, बिघाड शोधतो. भागाचं नाव त्याला 'फुन्दी', म्हणजे मिस्त्री, सांगतो.

पायरी ४ : शब्दाचं डोकं सोडवा

इथे थोडा वेळ काढा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

स्वाहिली नामं वर्गांत वाटलेली आहेत आणि वर्गाची खूण शब्दाच्या पुढे असते. 'किपुरी' एक सुटा भाग, 'व्हिपुरी' अनेक. 'किओओ' आरसा, 'व्हिओओ' आरसे. 'ताइरी' टायर, 'माताइरी' टायरं. 'देरेव्हा' चालक, 'मादेरेव्हा' चालक अनेक. 'उफुन्गुओ' किल्ली, 'फुन्गुओ' किल्ल्या. इथे अनेकवचनात डोकं उडून जातं. 'बाजाजी' आणि 'पिकिपिकी' (मोटरसायकल) मात्र एकवचनी-अनेकवचनी सारखेच.

मग जोडशब्द. मराठीत 'चा-ची-चे' पुढच्या शब्दावर ठरतो: रिक्षाचा आरसा, रिक्षाची केबल. स्वाहिलीत मुख्य नाम आधी येतं आणि जोडशब्द त्याच्या वर्गाप्रमाणे चालतो: 'किपुरी चा', 'व्हिपुरी व्ह्या', 'ताइरी ला', 'माताइरी या', 'स्पेआ झा' ('स्पेआ' म्हणजेही सुटे भाग). म्हणून अख्खा शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून शोधलात तर अर्धे निकाल गळतात. मधला जोडशब्द वगळा आणि दोन्ही टोकांची नामं अवतरणाशिवाय टाका.

विशेषणंही डोकं बदलतात. 'चांगला'साठी मूळ 'झुरी', त्याचं म्झुरी, किझुरी, व्हिझुरी, माझुरी, न्झुरी होतं. 'नवा'चं म्प्या, किप्या, जिप्या, माप्या. व्याकरणाप्रमाणे 'गारी झुरी' (चांगली गाडी, हो, आपलीच गाडी), पण बोलताना लोक 'गारी न्झुरी' सर्रास म्हणतात, आणि किनाऱ्यापासून आत जावं तसा हा ढिलेपणा वाढतो. तक्त्यात दोन्ही घ्या. पानावर लिहिताना शुद्ध रूप ठेवा. अशुद्ध रूप मथळ्यात घातलं की वाचणाऱ्याला दुकान परक्याचं वाटतं.

क्रियापदात मूळ मधोमध बसतं. 'लिम' हे नांगरण्या-पेरण्याचं मूळ घ्या: 'कुलिमा' शेती करणे, 'म्कुलिमा' शेतकरी, 'वाकुलिमा' शेतकरी अनेक, 'किलिमो' शेती, 'आनालिमा' तो शेती करतोय. 'वाका' (सुरू होणं, पेटणं) घ्या: 'इनावाका' सुरू होते, 'इमेवाका' सुरू झाली, 'हाइकुवाका' झाली नाही, 'हाइवाकी' होत नाही. शेवटच्या रूपात शेपटीचा 'आ'सुद्धा 'ई' झाला. नकारात असं होतं. शेपटीकडून होणारा आणखी एक बदल म्हणजे 'नी' : 'म्तान्दाओ' नेटवर्क, 'म्तान्दाओनी' ऑनलाइन. आपल्या 'घरात'मधल्या 'त'सारखाच.

करायचं काय, तर प्रत्येक वस्तूची एक ओळ करा: एकवचन, अनेकवचन, दोन्हींचे जोडशब्द, तीन विशेषणांची रूपं. प्रत्येक बिघाडाची एक ओळ: होतंय, झालंय, होत नाही, झालं नाही. वीस वस्तू आणि दहा बिघाड एवढ्याने रिक्षाच्या सुट्या भागांचं दुकान चालतं. दोनशे शब्दांची यादी पहिल्याच दिवशी करू नका, ती कुणी तपासत नाही.

पायरी ५ : तीन फडताळं

एकाच गोष्टीला बहुधा तीन शब्द असतात. एक प्रमाण, एक रस्त्यावरचा, एक इंग्रजी. प्रमाण भाषेचा पाया झांझिबार शहराची बोली आहे आणि टांझानियात नव्या संज्ञांवर शिक्का मारणारी संस्था म्हणजे १९६७ साली स्थापन झालेली बाकिता. भाषांतरयंत्रं जवळजवळ नेहमी याच फडताळातला शब्द काढून देतात.

सुटे भाग: 'व्हिपुरी' प्रमाण, 'स्पेआ' गॅरेजमधला. रक्तदाब: 'शिनिकिझो ला दामू' प्रमाण, 'प्रेशा' लोकांचा. मधुमेह: 'किसुकारी' प्रमाण, बोलताना नुसतं 'सुकारी', म्हणजे साखर, आपण 'शुगर आहे' म्हणतो तेच. डाउनलोड करणे: 'कुपाकुआ' प्रमाण, पण लोक इंग्रजी क्रियापदालाच 'कु' लावून 'कुडाउनलोड' लिहितात आणि त्याची 'निमेडाउनलोड' अशी रूपंही चालवतात. मराठीत आपण 'करणे' जोडतो, तिथे डोक्याला उपसर्ग. वापरलेली वस्तू: 'इलियोतुमिका' कागदावर, 'म्तुम्बा' बाजारात, 'युज्ड' इंस्टाग्रामवर. इंटरनेटचा डेटा पॅक: 'किफुरुशी' कंपनीच्या जाहिरातीत, 'बान्दो' तोंडी.

वैद्यकीय मजकूर लिहिणाऱ्यांनी इथे विशेष जपायचं. उपचारासाठी टांझानियातून भारतात रुग्ण येतात, आणि त्यांच्यासाठी केलेल्या पानावर फक्त 'शिनिकिझो ला दामू' असेल तर प्रेशा शोधणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचणं अवघड. मथळ्यात लोकांचा शब्द, पहिल्या वाक्यात दोन्ही, पुढे प्रमाण, असं ठेवलं की शोधही जुळतो आणि डॉक्टरही हसत नाहीत.

परीक्षांच्या शोधात तिन्ही फडताळं एकत्र सांडतात. विद्यार्थी 'मातोकेओ या फॉर्म फोर' असं अर्धं-अर्धं लिहितो, सोबत परीक्षा मंडळाचं लघुनाम 'नेक्टा' जोडतो. असे मिश्र शोध तक्त्यातून 'अशुद्ध' म्हणून काढू नका.

व्यवसायाचे आतले शब्द कुठल्याच कोशात नीट सापडत नाहीत. 'म्काताबा'चा कोशातला अर्थ करार, पण 'बाजाजी झा म्काताबा' म्हणजे चालकाने मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यायची आणि मुदत संपली की रिक्षा त्याच्या नावावर व्हायची, अशी व्यवस्था. ती रोजची रक्कम म्हणजे 'हेसाबू'. हिशेब! नवी रिक्षा घेऊ पाहणारे कित्येक लोक किंमत शोधतच नाहीत, म्काताबा शोधतात.

पायरी ६ : चुकीची स्पेलिंगं मुद्दाम गोळा करा

स्वाहिलीत उच्चार आणि लेखन जवळजवळ एकच आहे, म्हणून चुका मनमानी नसतात. उच्चार जिथे घसरतो तिथेच लेखन घसरतं. चार ठिकाणं लक्षात ठेवा.

अरबीतून आलेले ध्वनी साधे होतात: 'धाहाबू' (सोनं) 'झाहाबू' होतं, 'घाली' (महाग) 'गाली' होतं, 'थामानी' (मोल) 'सामानी' होतं. शेवटच्यात गोची आहे, कारण सामानी हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ फर्निचर. दुसरं, काही भागांत र आणि ल यांची अदलाबदल: 'कुरा' मत, 'कुला' खाणं. तिसरं, तुटक आणि जोड लेखन: 'क्वा निनी' (का) हे दोन शब्द लोक एकत्रच लिहितात. चौथं, 'ङोम्बे', म्हणजे गाय-बैल. यात एन-जी नंतर वरचा स्वल्पविराम लागतो, तो कुणी टाकतं, कुणी गाळतं, कुणी एन आणि जी यांच्या मधेच टाकतं, आणि फोन त्याचा सरळ किंवा वाकडा कुठलाही आकार छापतो. दुधाच्या गाईंवर मजकूर असेल तर चारही रूपं तपासा. स्वतःच्या साइटच्या शोधात हे चिन्ह शब्द तोडत असेल तर 'ओम्बे' हे निरर्थक शेपूट वेगळं पडतं आणि पान सापडत नाही. शब्द साठवतानाच चिन्ह काढून टाका, शोध आला की त्यातूनही काढा.

चॅटची भाषा निराळीच. तरुण मंडळी 'सासा' (आता) मधल्या एसच्या जागी एक्स घालतात, 'सिजुई' (माहीत नाही) मधला 'सि' नुसत्या सी अक्षराने लिहितात. शोधपेटीत हे कमी येतं, प्रतिक्रियांमध्ये जास्त. मथळ्यात वापरायचं कारण नाही.

पायरी ७ : आकडे आणि घड्याळ

स्वाहिली दिवस सूर्योदयाला सुरू होतो. 'साआ मोजा आसुबुही', शब्दशः सकाळी एक, म्हणजे आपले सकाळचे ७. 'साआ न्ने आसुबुही' म्हणजे १०. 'साआ सिता म्चाना' म्हणजे दुपारचे १२. 'साआ म्बिली उसिकू' म्हणजे रात्रीचे ८. आकड्यात ६ मिळवायचे, १२ च्या वर गेलं तर १२ वजा करायचे. दुकानाची किंवा बाह्यरुग्ण विभागाची वेळ भाषांतरयंत्रातून काढलीत तर '१० ते ६' चं 'साआ कुमी' ते 'साआ सिता' होऊ शकतं, जे तिथला माणूस दुपारी ४ ते १२ असं वाचेल. वेळ शब्दांत लिहायची तर रूपांतर करून लिहा आणि शेजारी २४ तासांच्या पद्धतीतला आकडा द्या.

वारांची मोजणी शनिवारपासून: 'जुमामोसी' शनिवार, 'जुमापिली' रविवार. 'जुमातातू'तला 'तातू' म्हणजे तीन, पण वार सोमवार.

पैशांत मात्र मराठी माणूस घरचा आहे. एक 'लाकी' म्हणजे १,००,०००. लाखच तो, हिंदी महासागर ओलांडून गेलेला. 'सिमू झा लाकी म्बिली', दोन लाख शिलिंगवाले फोन, हा अगदी रुळलेला साचा. 'चिनी या लाकी तातू' म्हणजे तीन लाखांच्या आत. 'पेसा' (पैसे), 'बिमा' (विमा), 'गुनिया' (गोणी) हेही ओळखीचे, आणि 'बेई या गुनिया ला माहिन्दी', मक्याच्या गोणीचा भाव, हा शेतकऱ्याचा शोध. पानावर किंमत फक्त अमेरिकी डॉलरमध्ये असेल तर लाकीच्या शोधाशी ती कधीच जुळणार नाही.

पायरी ८ : खरं किती जण शोधतात, ते पडताळा

गूगल ट्रेंड्समध्ये देश निवडून एका वेळी ५ शब्द तोलता येतात. 'स्पेआ' विरुद्ध 'व्हिपुरी', 'प्रेशा' विरुद्ध 'शिनिकिझो'. दोन सावधगिऱ्या. तिथला ० ते १०० हा आकडा सापेक्ष आहे, शोधांची संख्या नव्हे. आणि शोध कमी असले की आलेख शून्य दाखवतो, त्याचा अर्थ कुणीच शोधत नाही असा नाही. उपसर्ग बदललेली रूपं वेगळी मोजली जातात, म्हणून लोकप्रिय शब्दही तुकड्यातुकड्यांत लहान दिसतो.

म्हणून दुसरीकडेही बघा. यूट्यूबच्या शोधपेटीत त्याच साच्यांच्या सूचना घ्या. दुरुस्ती, स्वयंपाक, शेती यांसाठी लोक सरळ तिकडेच जातात. जिजी आणि कुपाताना या खरेदी-विक्रीच्या साइटवर विक्रेते मथळे कसे लिहितात ते वाचा, तो अस्सल बाजारी शब्दकोश आहे. म्वानान्ची, तैफा लेओ ही वृत्तपत्रं आणि बीबीसी स्वाहिली प्रमाण भाषेसाठी. सरकारी शब्द हवे असतील तर साइट हे बंधन लावून टांझानियाच्या सरकारी डोमेनपुरता, म्हणजे जीओ डॉट टीझेड पुरता, शोध घ्या.

भाषातंत्रज्ञानवाल्यांना एक तयार साठा आहे: गूगलने २०२० साली खुला केलेला टायडी-क्यूए. ११ भाषांतले प्रश्न त्यात आहेत, त्यांत किस्वाहिली आहे, बंगाली आणि तेलुगूही आहेत. मराठी नाही. प्रश्न भाषांतर करून घेतलेले नाहीत, त्या-त्या भाषकांनी थेट लिहिलेत, म्हणून लोक प्रश्न कसा मांडतात हे बघायला तो भाषांतरित साठ्यांपेक्षा कितीतरी बरा.

पायरी ९ : पान आणि साइटचा शोध

मथळ्यात साचा आणि वस्तू, त्याच क्रमाने. 'बेई या स्पेआ झा बाजाजी' हा मथळा 'उत्कृष्ट दर्जाचे सुटे भाग' याच्या कुठल्याही भाषांतरापेक्षा चांगला चालेल. पहिल्या पडद्यावर किंमत शिलिंगमध्ये, शहराचं नाव आणि व्हॉट्सॲप क्रमांक. डेटा रोजच्या बान्दोवर मोजून वापरणारा माणूस जड पान उघडेपर्यंत थांबत नाही, म्हणून फोटो लहान ठेवा.

साइटवर स्वतःची शोधपेटी असेल तर उपसर्ग सरसकट कापू नका. 'कि' कापायचा नियम केला की 'किसू' (सुरी) चं 'सू' उरतं. त्यापेक्षा शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे साठवा. किपुरी आणि व्हिपुरी रोमनमध्ये प्रत्येकी ६ अक्षरी. प्रत्येकाचे ४ तुकडे पडतात आणि त्यांतले ३ सारखे असतात. एवढ्याने एकवचन-अनेकवचन आपोआप जुळतं. 'उफुन्गुओ-फुन्गुओ'ही जुळतं. 'जिनो' (दात) आणि 'मेनो' (दात अनेक) यांसारख्या जोड्या मात्र अशा सापडत नाहीत, त्या हाताने यादीत घाला.

पायरी १० : माणसाकडून तपासणी

तयार यादी पाठवून 'हे बरोबर आहे का' असं विचारलं की 'हो, बरोबर आहे' असंच उत्तर येतं, कारण शब्द खरोखर बरोबर असतात. त्याऐवजी फोटो पाठवा. दहा भागांचे दहा फोटो आणि दहा बिघाडांचे छोटे व्हिडिओ, शब्द एकही न देता, आणि विचारा की हे हवं असेल तर फोनमध्ये काय टाइप कराल. दोन चालक, दोन मिस्त्री आणि एक दुकानदार एवढे पाच जण पुरतात. शक्यतो दार एस सलामबाहेरचा एक तरी असू द्या, म्वान्झा किंवा अरुशाचा. उत्तर आधी व्हॉइस मेसेजवर मागा, मग टाइप करून. लिहिताना माणूस भाषा झाडूनपुसून घेतो, बोलताना नाही, आणि त्या दोन उत्तरांतला फरक तक्त्याच्या वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा. चालक 'स्पेआ' म्हणाला आणि दुकानदार 'व्हिपुरी' म्हणाला तर वाद सोडवायच्या भानगडीत पडू नका: चालकाचा शब्द मथळ्यात घाला, दुकानदाराचा पावतीवर.